डासांच्या अळ्या मारायच्या बीटीआय गोळ्या: चार स्टार, एक कापला
मी बायोलॉजीत एमएस्सी करतेय, प्रोजेक्ट डासांवरच, त्यामुळे या गोळ्या मागवल्या तेव्हा संशयच जास्त होता. कुंडीखालच्या ताटलीत अर्धी टाकली, दुसऱ्या दिवशी बघते तर वळवळणाऱ्या अळ्या तळाशी गपगार! गोळीत असतो बीटीआय नावाचा, १९७६ साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडलेला जिवाणू; अळीने तो खाल्ला की त्याचं विष तिच्या आतड्याला भोकं पाडतं, मासे-मधमाश्यांना काही होत नाही. पण स्वल्पविरामासारखे दिसणारे कोष (अळी आणि डास यांच्या मधली अवस्था) मात्र मजेत पोहत होते, ते काही खातच नाहीत ना, मग त्यांचे डास होणारच. आणि पाकिटावर 'डासांपासून तत्काळ सुटका' छापलंय ते साफ थाप आहे, उडणाऱ्या डासाला याने ढिम्म फरक पडत नाही. उन्हात असर लवकर जातो, परत टाकावी लागते.