वाकडं कापलेलं की चुकीचं छापलेलं?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातला भाचा कोड्यात पडलाय: "मामा, एकाच किमतीत दोन पोकेमॉन कार्डं आहेत. एकाची कापणी चुकलीय, दुसऱ्याची छपाई. कुठलं घेऊ?"

किमतीचं म्हणशील तर, नुसती चौकट एका बाजूला सरकलेली असेल तर तो दोषच, भाव उतरतो. शेजारच्या कार्डाचा तुकडा दिसण्याइतकी कापणी चुकली, की हौशी लोक उलट जास्त मोजतात. छपाईतही एखादा शाईचा ठिपका कुणी विचारत नाही. पण तीच चूक अनेक प्रतींवर आली, तर तिला ओळख मिळते. १९९९ च्या पोकेमॉनच्या 'जंगल' संचातली संचाच्या चिन्हाविना छापलेली चमकती कार्डं किंवा टॉप्स कंपनीचं १९९० चं, बेसबॉलपटू फ्रँक थॉमसचं बिननावी कार्ड, यांना ठरलेलं गिऱ्हाईक आहे.

खरी मेख फसवणुकीत. न कापलेला ताव मिळवून कुणीही घरी कटर चालवू शकतो. म्हणून पोकेमॉन कार्डाचं ६३ बाय ८८ मिलिमीटर हे ठरलेलं माप आणि कडा तपास. छपाईची खोटी चूक दाखवायला शाईही रसायनाने पुसतात म्हणा, पण ओळखीची चूक इतर प्रतींशी ताडून बघता येते.

पुढे विकायचं असेल तर नोंद झालेली छपाईची चूक घे. मित्रांना दाखवून मिरवायचं असेल, तर वाकडंच घे.