पेशींचा माग काढायला लोह घ्यावं की फ्लोरिन?

पेशींवर खूण करून त्या एमआरआयमध्ये शोधायच्या, तर खरी निवड दोघांतच आहे. एमआरआयमध्ये चमक आणणारा गॅडोलिनियम हा धातू पेशीतल्या पिशव्यांत कोंडला की त्याला पुरेसं पाणी भेटत नाही आणि चमक उतरते. वर तिथल्या आम्लात तो सुटा होण्याची धास्ती. तो सोडून देऊ.

लोह सोयीचं. फेरुमॉक्सिटॉल हे लोहाच्या सूक्ष्म कणांचं, अमेरिकेत २००९ पासून रक्तक्षयावर मंजूर असलेलं औषध. पेशी ते एकटं फारसं घेत नाहीत, म्हणून मिलीलिटरला ५० मायक्रोग्रॅम फेरुमॉक्सिटॉल, ६० मायक्रोग्रॅम प्रोटामाइन आणि २ युनिट हेपरिन असं एकत्र द्यायचं, तेही सिरम नसलेल्या मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या द्रवात). दोन-चार तासांनी सिरमचं मीडियम घालून रात्रभर ठेवायचं. शेवटी हेपरिन घातलेल्या पीबीएसने (खारट बफर द्रावणाने) धुवायला विसरू नका, नाहीतर बाहेर चिकटलेलं लोह आत गेल्यासारखं वाटतं. प्रशियन ब्लू या लोह दाखवणाऱ्या रंगाने निळे ठिपके उठले की झालं. स्कॅन रत्नागिरी-कुडाळकडच्या १.५ टेस्लाच्या (ही चुंबकाची ताकद) यंत्रावरही निघतो. ग्रेडियंट एको ही स्कॅनची पद्धत लावायची, बस्स.

कटकट पुढे आहे. लोह सिग्नल खातं, म्हणजे हाती येतो तो काळा डाग, आणि तोही पेशींच्या गठ्ठ्याहून मोठा. सुई टोचली तिथे थेंबभर रक्त साकळलं तरी काळं. अ‍ॅगारोजच्या जेलीत हवेचा बुडबुडा राहिला तरी काळंच. आधीचा स्कॅन शेजारी ठेवून बघा म्हणतात. पण रक्त साकळतं ते टोचल्यानंतर, त्यामुळे त्याचा उपयोग अर्धाच. डागात पेशी किती, हे तर विचारूच नका.

फ्लोरिनमध्ये हा प्रश्न येत नाही. हाडा-दातांतलं फ्लोरिन घन असल्याने स्कॅनमध्ये उमटत नाही, त्यामुळे जे दिसतं ते आपण घातलेलंच. खुणेसाठी घालतात त्या पीएफसीई या फ्लोरिनयुक्त द्रवाच्या रेणूतले वीसही फ्लोरिन अणू सारखे, म्हणून सिग्नलचं शिखर एकच. शेजारी फ्लोरिनचं प्रमाण माहीत असलेली नळी ठेवली की पेशींच्या संख्येचा अंदाजही निघतो. मेलेल्या पेशींचा माल मॅक्रोफेजनी (शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशींनी) गिळला की फसगत मात्र दोन्हीकडे सारखीच.

फ्लोरिनचे नखरेही आहेत. एका जागी हजारो पेशी असल्याशिवाय सिग्नल वर येत नाही. पीएफसीई पेशींना देतात ते बारीक थेंबांच्या इमल्शनच्या रूपात, आणि ते पाण्याहून जड. न शिरलेले थेंब सेंट्रिफ्यूजमध्ये पेशींबरोबरच तळाला बसतात, तेव्हा तीनदा धुवा. इमल्शन गोठलं तर फुटतं, म्हणून फ्रीजरमध्ये नको. प्राण्याला भुलीसाठी आयसोफ्लुरेन दिलंत तर त्यातलंच फ्लोरिन चित्रात घुसतं, केटामाइन-झायलाझिन बरं. आणि १.५ टेस्लाला प्रोटॉनचा (नेहमीच्या एमआरआयचा) सिग्नल ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास, तर फ्लोरिनचा ६० ला, त्यामुळे सिग्नल पकडणारी वेगळी कॉइल लागते. रुग्णांसाठीच्या नेहमीच्या यंत्रावर ती सहसा नसते. मुंबई-पुणं गाठावं लागतं.

पेशी मोजक्याच असतील किंवा स्कॅन इथे कोकणातच उरकायचा असेल, तर लोहाला नाव ठेवणार नाही. पण ‘हा डाग कशाचा?’ याचं उत्तर द्यायची वेळ येणार असेल, तर आमचं मत फ्लोरिनला. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये पक्क्या करून अ‍ॅगारोजमध्ये बसवलेल्या पेशी प्रवास निमूट सोसतात. जिवंत प्राणी न्यायचा असेल तर तारीख पावसाळा सोडून घ्या. ऐन वेळी घाटात दरड आली तर यंत्राची वेळ हातची जाते.