गुडघ्यातला ‘पू’ आणि थेंबाचा भाव

सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर किंवा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पाय ओढत चालणारे आजी-आजोबा दिसतातच. मोठ्या दवाखान्यांच्या गेटबाहेरही दिसतात. गुडघ्यातला पू काढून देतो म्हणत थेंबामागे पैसे उकळणाऱ्या टोळीतला पहिला माणूस अशाच ठिकाणी सावज हेरतो. कपडे नीटनेटके, बोलणं अदबीचं, कधी सोबत बायको किंवा लहान पोर. “काका, गुडघ्यांचा त्रास आहे का हो? माझ्या आईचं अगदी असंच होतं. ऑपरेशन सांगितलं होतं, पण एका वैद्याने बरं केलं, आता पांडवलेणी चढून येते.”

हा माणूस काहीही विकत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. वैद्याचं नाव विचारलं तर त्याला आठवत नाही. “आईला विचारून कळवतो,” म्हणून तो तुमचा नंबर घेतो. दोन-तीन दिवसांनी फोन येतो: वैद्य सध्या नाशकातच आहेत, परवा इंदूरला निघणार, आईच्या ओळखीने घरी येऊन बघतील, तपासायचे पैसे घेत नाहीत. सिंहस्थ २०२७ तोंडावर आला आहे, तेव्हा इंदूरच्या जागी हिमालयही ऐकू येईल.

वैद्य बहुधा दुपारी येतो, घरातली तरणी माणसं कामावर असताना. सोबत पिशवी धरणारा एक मदतनीस असतो. वैद्य गुडघा दोन्ही हातांनी दाबतो, कपाळाला आठ्या घालतो आणि निकाल देतो, “आत पू झालाय. आज नाही काढला तर पाय कापायची पाळी येईल.” खर्च विचारला की उत्तर ठरलेलं असतं: फी नाही, फक्त थेंबाचे पैसे. समजा, थेंबाला ५०० रुपये सांगितले आणि “पंधरा-वीस थेंब निघतील” म्हटलं, तर ऐकणारा मनात आठ-दहा हजार धरतो आणि हो म्हणतो. एक्स-रे, एमआरआय आणि सांधा बदलण्याचा खर्च ज्याने ऐकलेला असतो, त्याला हे स्वस्तच वाटतं.

मग गुडघ्याभोवती ब्लेडने बारीक चिरे पाडतात. त्यावर तांब्याची नळी किंवा तुंबडी ठेवून तोंडाने हवा ओढतात. नळीत किंवा कातडीवर आधीच हळद किंवा तसलीच एखादी पूड लावलेली असते. चिऱ्यांतून ओढलं गेलेलं रक्त त्या पुडीत कालवलं की पिवळट, चिकट गाठी तयार होतात. नळी ताटलीत उपडी केली की ‘पू’ डोळ्यांसमोर. मदतनीस मोठ्याने थेंब मोजतो आणि वहीत रेघा मारतो. पंधरा-वीस कधीच मागे पडतात, पण मध्येच थांबा म्हणायची सोय नसते, कारण “अर्धवट सोडलं तर विष अंगभर पसरेल.” दोन्ही गुडघे मिळून १६० थेंब झाले की हिशोब ८०,००० रुपयांवर जातो. “आजी आईसारख्या आहेत” म्हणून त्यातले दहा-पंधरा हजार सोडतात, आणि उरलेल्यासाठी मदतनीस बँकेपर्यंत सोबत येतो. घासाघीस झाल्यामुळे फसणाऱ्याला आपलाच फायदा झाला असं वाटतं.

आता गुडघ्याच्या आत काय असतं ते बघा. निरोगी सांध्यात जेमतेम तीन-चार मिलिलिटर वंगणासारखं द्रव असतं, तेही एका जाड पिशवीच्या आत. कातडीवर पाडलेले चिरे तिथवर पोचतच नाहीत. तुंबडीत येतं ते कातडीतलं रक्त. वयोमानाने होणाऱ्या गुडघेदुखीत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजते, पू होत नाही. सांध्यात खरोखर पू झाला तर गुडघा लाल, गरम आणि टम्म सुजतो, ताप येतो, पाय टेकवत नाही. असा माणूस ट्रॅकवर फिरायला येऊच शकत नाही. ते तातडीचं दुखणं आहे. त्यात निर्जंतुक सुईने द्रव काढून प्रयोगशाळेत पाठवतात, ताटलीत मोजत नाहीत. ‘हा पू बाटलीत भरून द्या, लॅबला पाठवतो,’ एवढं म्हटलं तरी यांची गडबड उडते.

आयुर्वेदात रक्तमोक्षण, म्हणजे रक्त काढायचा उपचार, आहे, जळवाही लावतात, पण ते शिकलेला वैद्य दवाखान्यात, स्वच्छ साधनांनी करतो आणि थेंबावर बिल लावत नाही. वैद्य खरा असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे सापडतो. ॲलोपॅथीच्या डॉक्टरचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. क्रमांक विचारल्यावर जो रागावतो, त्याला पाणी देऊन वाटेला लावावं.

जाताना हे लोक पुड्या देतात. पुडीवर कंपनी नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, घटक नाहीत. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं मिसळलेली सापडतात. दोन दिवसांत दुखणं पळतं, भूक लागते, अंगात तरतरी येते, आणि मग तोच पेशंट शेजारणीलाही वैद्याचा नंबर देतो. पुढे चेहरा सुजतो, साखर आणि रक्तदाब वाढतात, हाडं ठिसूळ होतात, पोटात जखमा होतात. अशी पुडी काही आठवडे घेतली असेल तर मनाने एकदम बंद करू नका. अंगातलं नैसर्गिक स्टेरॉइड तोवर मंदावलेलं असतं आणि अचानक तुटल्यावर चक्कर, उलट्या, रक्तदाब पडणं असं जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन लगेच फिजिशियनकडे जा, ते हळूहळू कमी करतील.

प्रकार घडून गेला असेल तर आधी जखम, मग पैसे. चिरे साबण-पाण्याने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. ब्लेड आधी कुणावर वापरलं होतं कोण जाणे, म्हणून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या आता आणि तीन महिन्यांनी पुन्हा करायच्या. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आतच उपयोगी पडतात, तेव्हा ‘सोमवारी बघू’ म्हणू नका.

घरच्यांनी एक करावं: “तुम्हाला कळलं कसं नाही?” हे वाक्य गिळावं. त्या भीतीने कित्येक म्हातारी माणसं जखमसुद्धा लपवतात, जेवण कमी करतात, रात्र रात्र जागतात. आठ-पंधरा दिवसांत झोप आणि जेवण रुळावर आलं नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

गुडघ्याचं मूळ दुखणं मात्र तसंच असतं. खुर्चीत बसून पाय समोर ताठ करायचा, दहापर्यंत मोजायचं, खाली घ्यायचा. प्रत्येक पायाला दहा वेळा, दिवसातून दोनदा. एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा चारेक किलो भार कमी होतो. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची, बरेच जण चुकीच्या हातात धरतात. संडासात कमोड बसवून घ्या.

तक्रारीसाठी उरलेल्या पुड्या, चिठ्ठी, कॉल आलेले नंबर, पैसे गेले त्या खात्याचं नाव आणि सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा. चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं, ते पहिल्यांदा मागा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर ताबडतोब बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. पिन तुम्हीच टाकलेला असल्याने परताव्याची खात्री नाही, पण खातं कुणाचं ते पोलिसांना तिथूनच कळतं. चौकीत ‘पैशांचा वाद’ म्हणून बोळवण होऊ देऊ नका. नोंदणी नसताना उपचार करणं हा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ प्रमाणे वेगळा गुन्हा आहे, तो तक्रारीत लिहायला लावा. पुड्यांची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात द्या, पण सगळ्या पुड्या देऊन टाकू नका, एक सीलबंद घरी ठेवा.