भाड्याच्या मधपेट्या: हस्त बहारातला माझा अनुभव

सांगोला तालुक्यात आमची अडीच एकर भगवा जातीच्या डाळिंबाची बाग आहे. या हस्त बहाराला, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलोऱ्याला, पहिल्यांदाच मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने घेतल्या. मेलिफेरा म्हणजे पेटीत पाळतात त्या युरोपियन मधमाशीच्या पाच पेट्या, दीड महिना, पेटीमागे 2000 रुपये.

दोन वर्षं कळी भरपूर निघायची, पण सेटिंग, म्हणजे फळधारणा, होत नव्हतं. नर फुलं गळणारच, पण फळ धरणारी मादी कळीही पिवळी पडून खाली यायची. औषधं मारून मारून बागेत माशीच उरली नव्हती. बांधावरच्या कडुलिंबावर दरवर्षी बसणारं आग्या मोहोळही आलं नाही, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मधपाळ दादांची एक गोष्ट मला फार पटली. दहा-पंधरा टक्के फूल उमलल्याशिवाय पेट्या आणणार नाही म्हणाले. डाळिंबाच्या फुलात मधुरस कमीच, माशी येते ती मुख्यतः परागासाठी. लवकर आणली तर शेजारच्या सूर्यफुलाला लागते आणि मग तिकडेच जाते. रात्री दाराला जाळी लावून पेट्या आणल्या, तोंडं पूर्वेला केली, मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले.

तक्रार एकच, पण मोठी. सकाळी झाकणं उघडायला लावली तर दोन पेट्यांत जेमतेम तीन फ्रेमवर (पोळ्याच्या चौकटींवर) माश्या, पिल्लं नाहीतच. बाकीच्या तिन्हींत सात-आठ फ्रेम गच्च. पेट्या बदलून दिल्या, पण पाचव्या दिवशी, तेही तीनदा फोन केल्यावर. भर फुलोऱ्यातले पाच दिवस म्हणजे थोडे नव्हेत.

फुलकिडे आले तेव्हा मधमाश्यांना घातक असलेल्या इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाला हात लावला नाही. जी फवारणी केली ती दिवस मावळून माश्या पेटीत गेल्यावर. तरीही शेजारच्या बागेत भर अकरा वाजता फवारा चालला आणि दुसऱ्या दिवशी पेटीच्या दारात माश्यांचा सडा. एक उचलून तळहातावर घेतली तर जीभ बाहेर आलेली, मागच्या पायाला परागाचा गोळा तसाच. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

खात्री करायची म्हणून दोन झाडांच्या एकेका फांदीला, कळी उमलायच्या आत, मच्छरदाणीचं कापड बांधलं होतं. तिथे सेटिंग अगदी तुरळक झालं. तोडणीला त्यातलं एक फळ फोडलं तर एका बाजूला दाणे विरळ, मध्ये पांढरा गरच जास्त. डाळिंबाचा एकेक दाणा म्हणजे एकेक बी, पराग पुरेसा पोचला नाही तर दाणे कमी भरतात आणि फळही लहान राहतं. उघड्या फांदीवरचं फळ फोडलं तर बोट शिरायला जागा नव्हती.

यंदा पाऊसही वेळेवर थांबला, त्यामुळे सगळं श्रेय माश्यांना देत नाही. पण त्या दोन फांद्यांना पाऊस-ऊन सारखंच होतं.

घेणार असाल तर पेटी उघडून फ्रेम मोजल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि कमजोर पेटी दोन दिवसांत बदलून देण्याचं आधीच लिहून घ्या. मी पुढच्या बहाराला याच दादांकडून सहा पेट्या सांगितल्यात. शेजारच्या भाऊजींना ती मेलेली माशी नेऊन दाखवली होती. आता फवारायच्या आधी त्यांचा फोन येतो.