जुनी गाणी उघडून देतो म्हणून झालेली फसवणूक

मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला राहते, घरी मुलींना पेटी आणि गायन शिकवते आणि आमच्या महिला भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण गेली दहा-अकरा वर्षे घरातल्याच एका खोलीत करते. 2025 च्या जून महिन्यात नवीन लॅपटॉपवर रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर बसवून घेताना माझे 18,000 रुपये गेले, ईमेलचे खाते परक्याच्या हाती गेले आणि आषाढीसाठी चाललेले काम अर्ध्यावर थांबले. संगणक बदलण्याच्या तयारीत असलेल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींवर हीच वेळ येऊ नये, म्हणून काय घडले ते क्रमाने लिहिते.

माझा जुना संगणक 2014 साली घेतलेला होता. विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 नंतर बंद होणार आणि विंडोज 11 त्या यंत्रावर चालणार नाही हे कळल्यावर मी मे महिन्याच्या शेवटी नवीन लॅपटॉप घेतला. जुन्या संगणकावर मी क्युबेस एलई हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर वापरत असे. ते मी वेगळे विकत घेतलेले नव्हते, तर ऑडिओ इंटरफेसबरोबर, म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणाऱ्या उपकरणाबरोबर मिळाले होते. त्यात सव्वाशेच्या वर अभंग, गौळणी आणि भारुडे होती. आमच्या भागात दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चालतो. म्हणून माग थांबल्यावर, रात्री खिडक्या लावून आणि पंखाही बंद करून आम्ही रेकॉर्डिंग करतो. मे महिन्याच्या उकाड्यात पदराने घाम पुसत, पखवाजाची शाई ओली होऊ नये म्हणून सांभाळत केलेले ते काम आहे. ते नव्या संगणकावर उघडले नाही तर काय, ही एकच भीती माझ्या मनात होती. फसवणाऱ्याने मला विकली ती या भीतीवरची खोटी हमी. सॉफ्टवेअर हे निमित्त होते, असे मला आता स्पष्ट दिसते.

मंडळातल्या एका बाईंच्या ओळखीने तो माणूस आला. तिशीतला, बोलायला नम्र, नवी पेठेत संगणक दुरुस्तीची कामे घेतो असे त्याने सांगितले. जुना संगणक पाहून तो म्हणाला, "ताई, हे तुमचं जुनं सॉफ्टवेअर कंपनीनं बंद केलंय. आता हे कुठंच उघडणार नाही. मी फुल व्हर्जन टाकून देतो, लाइफटाइम लायसन्स, तुमची सगळी गाणी जशीच्या तशी उघडतील."

यात खऱ्याला खोटे चिकटवलेले होते आणि म्हणूनच ते पटले. क्युबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीची ई-लायसन्सर ही जुनी परवाना-पद्धत 20 मे 2025 रोजी खरोखरच बंद झाली होती, त्यामुळे माझा जुना परवाना नव्या लॅपटॉपवर नेता येत नव्हता. परंतु जुन्या संगणकावर तेच सॉफ्टवेअर पूर्वीसारखे उघडत होते, माझ्या डोळ्यांसमोर उघडत होते, आणि तरीही "कुठंच उघडणार नाही" हे वाक्य मी खरे मानले. आषाढी 6 जुलैला होती आणि अकरा अभंगांचे काम हातात होते. घाईत माणूस समोर दिसणारी गोष्टही नीट पाहत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

त्याने 12,000 रुपये सांगितले. या सॉफ्टवेअरची पूर्ण आवृत्ती पाचशे डॉलरहून महाग असते, मला ती "डीलरच्या भावात" मिळते आहे, असे त्याचे म्हणणे होते. मी यूपीआयने पैसे दिले. पावती मागितली तेव्हा त्याने वहीचे पान फाडून त्यावर "सॉफ्टवेअर + फिटिंग, 12,000, मिळाले" एवढेच लिहून दिले. जीएसटी क्रमांक नाही, सॉफ्टवेअरचे नाव नाही, परवान्याचा क्रमांक नाही.

बसवताना त्याने तीन गोष्टी केल्या आणि तिन्ही वेळा मी शेजारीच बसले होते. आधी विंडोजचे विषाणूरोधक संरक्षण बंद केले आणि ते "साउंडच्या सॉफ्टवेअरला अडवतं" असे कारण दिले. मग पेन ड्राइव्हवरून सॉफ्टवेअर चढवले. कंपनीच्या संकेतस्थळावर जाणे, माझा ईमेल पत्ता मागणे, माझ्या नावाने खाते काढणे यांपैकी काहीही घडले नाही. शेवटी त्याने बजावले, "रेकॉर्डिंग करताना नेट बंदच ठेवा, नाहीतर लायसन्स तुटतं." पैसे देऊन घेतलेला परवाना इंटरनेट लागताच तुटत असेल, तर तो परवानाच नाही. हे मला त्या क्षणी सुचायला हवे होते.

पुढचा प्रकार मला सर्वांत जास्त लागला, कारण तो सुरांशी संबंधित होता. पहिला जुना अभंग नव्या लॅपटॉपवर उघडला आणि वाजवला, तर आवाज पातळ आणि लय चढी लागली. तो अभंग आम्ही पांढरी पाचमध्ये गायलो होतो. मी पेटी घेतली, भाता मारला आणि षड्ज शोधू लागले, तर तो काळी चारलाही लागेना आणि पांढरी सहालाही लागेना, दोन्हींच्या मध्येच कुठेतरी तरंगत राहिला. पाच मिनिटांचा अभंग 4 मिनिटे 36 सेकंदांत संपत होता. आमच्या बायकांचे भरदार आवाज लहान मुलींसारखे ऐकू येत होते. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "नवीन व्हर्जनमध्ये जुनी गाणी तशीच येतात ताई, त्याला कन्व्हर्टर लागतो, पंधराशे होतील." तो आला, एक खिडकी उघडून त्यातला एक आकडा बदलला आणि गाणे मूळ पट्टीत आले. मी आनंदाने 1,500 रुपये दिले.

तो आकडा कोणता होता हे मला पुढे कळले. संगणक आवाज दर सेकंदाला ठरावीक वेळा मोजून साठवतो, त्या मोजण्यांना नमुने म्हणतात. आमची जुनी रेकॉर्डिंग सेकंदाला 44,100 नमुन्यांवर झालेली होती आणि नव्या लॅपटॉपवर त्याने ऑडिओ इंटरफेस 48,000 वर ठेवला होता. कमी नमुन्यांची फाइल जास्त वेगाने वाचली गेली की लय सुमारे 9 टक्के वाढते आणि सूर जवळजवळ दीड पट्टी वर जातो. इंटरफेसच्या नियंत्रण-खिडकीत 48,000 च्या जागी 44,100 निवडणे एवढाच त्यावरचा उपाय आहे. त्यासाठी कोणताही कन्व्हर्टर लागत नाही आणि एक रुपयाही लागत नाही. आपली चूक मला विकून तो गेला.

यानंतर तानपुरा, तबला आणि तंतुवाद्यांचे "ओरिजिनल साउंड" म्हणून त्याने आणखी 4,500 रुपये घेतले. त्याविषयी अधिक लिहीत नाही, कारण प्रकार तोच होता.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मला माझ्याच ईमेलवरून एक सूचना आली की माझ्या खात्यात परक्या ठिकाणाहून कोणीतरी शिरले आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात ध्वनिमुद्रणाचे काम करते. तिला व्हिडिओ कॉल लावला आणि घडलेले सगळे सांगितले. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, परवाना तुमच्या नावावर आहे ना? कंपनीच्या साइटवर लॉगिन करून दाखवा बघू." माझ्याकडे लॉगिन नव्हतेच. मग तिने मला विंडोज सिक्युरिटी उघडायला लावली आणि त्यातली एक्सक्लूजन्सची यादी, म्हणजे ज्या गोष्टींची तपासणी करू नये असे संगणकाला सांगितलेले असते ती यादी, वाचायला सांगितली. यादीत एकच नोंद होती : सी ड्राइव्ह. एखादा फोल्डर नव्हे, अख्खा सी ड्राइव्ह तपासणीतून वगळलेला होता. घराला कुलूप लावून किल्ली दारातच ठेवावी तसा तो लॅपटॉप तीन आठवडे उघडा होता, आणि त्याच लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये माझे ईमेल, वीजबिल आणि बँक यांचे पासवर्ड साठवलेले होते.

त्याच रात्री मी मोबाइलवरून सगळे पासवर्ड बदलले आणि बँकेला कळवले. बँकेतले पैसे सुदैवाने वाचले. अशा चोरीच्या प्रतीबरोबर आत काय आले आहे हे खात्रीने सांगता येत नाही, म्हणून लॅपटॉप पूर्ण पुसून विंडोज नव्याने बसवावी लागली. त्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले तीन अभंगांचे मिक्सिंग गेले. मूळ आवाजाच्या फाइली तेवढ्या वेगळ्या काढून, तपासून ठेवता आल्या.

त्या माणसाला फोन केला तेव्हा तो आधी म्हणाला, "सगळे हेच वापरतात ताई." मी पैसे परत मागितल्यावर त्याचा स्वर बदलला : "तक्रार केलीत तर चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं म्हणून तुम्हीच अडकाल." या धमकीमुळे अनेक जण गप्प बसत असतील, म्हणून याविषयी नीट सांगते. कॉपीराइट कायदा, 1957 मधील कलम 63-ब प्रमाणे संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत वापरल्यास 7 दिवस ते 3 वर्षे कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो, हे खरे आहे. परंतु आमच्या ओळखीच्या वकिलांनी ते कलम वाचून दाखवले, तेव्हा त्यात प्रत बेकायदा आहे हे माहीत असून वापर करणे हा मुद्दा असल्याचे कळले. मला अस्सल परवाना म्हणून विकले गेले होते आणि खोटे कळल्याबरोबर मी ते काढून टाकले. कळल्यानंतरही वापरत राहिले असते, तर मात्र माझी बाजू उरली नसती.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर आणि ईमेल खात्याच्या प्रकाराबद्दल सायबर गुन्ह्यांच्या 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे तो मार्ग मी मोकळा ठेवला आहे. वहीचे ते पान, यूपीआयच्या तिन्ही व्यवहारांच्या नोंदी आणि व्हॉट्सॅपवरचे त्याचे संदेश एकत्र जपून ठेवले आहेत. पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

आता जुन्या कामाबद्दल, कारण खरी भीती तिथेच असते. जुना संगणक चालू असेपर्यंत काहीही हरवत नाही. क्युबेसच्या प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये "ऑडिओ" नावाचा फोल्डर असतो आणि त्यात प्रत्येक आवाज साध्या वेव्ह फाइलमध्ये असतो. ती फाइल कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. अडचण एवढीच की ते तुकडे कोणत्या सेकंदाला सुरू होतात ही माहिती त्यांच्यासोबत येत नाही. म्हणून जुन्या संगणकावरच गाणे उघडावे आणि पेटी, पखवाज, टाळ, मुख्य आवाज, कोरस असा एकेक ट्रॅक अगदी शून्यापासून शेवटपर्यंत वेगळी वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढावा. नव्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फाइली शून्यावर ठेवल्या की गाणे जुळून उभे राहते. फाइलच्या नावात लय, पट्टी आणि 44,100 हा आकडा लिहून ठेवल्यास पुढे शोधाशोध होत नाही. आवाज कमी-जास्त केल्याची आणि घुमाऱ्याची मांडणी पुन्हा करावी लागते, हा तोटा मान्य करावा लागतो. मी एका बैठकीत चार-पाच गाणी काढते. ऐकता ऐकता जुन्या चुकाही सापडतात आणि या कामाचा मला कंटाळा आलेला नाही.

सॉफ्टवेअर निवडताना मी या वेळी घाई केली नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या सल्ल्याने रीपर घेतले. ते 60 दिवस सगळ्या सोयींसह वापरून पाहता येते आणि त्यानंतर माझ्यासारख्या एकट्या व्यक्तीसाठी परवाना 60 डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या भावाने साधारण सव्वापाच हजार रुपयांना मिळतो. ज्या कामासाठी मी 18,000 रुपये घालवले, ते दोन महिने फुकट करून पाहता आले असते, हे कळल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही. नुसते एका माइकवर गाणे घेऊन कापाकापी करायची असेल, तर 2000 सालापासून मोफत मिळणारे ऑडॅसिटी पुरते. मॅक घेणाऱ्याला गॅरेजबँड फुकट मिळते. नवीन ऑडिओ इंटरफेस घेतल्यास त्याच्या खोक्यात एखाद्या सॉफ्टवेअरची छोटी आवृत्ती मिळते का, हे आधी पाहावे. मोफत चाचणीच्या अटीही वाचाव्यात, कारण उदाहरणार्थ एफएल स्टुडिओच्या चाचणी-आवृत्तीत काम साठवता येते, पण परवाना घेईपर्यंत ते पुन्हा उघडता येत नाही. आणि काहीही घेतले तरी ते बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून, आपल्या ईमेलवर, आपल्या नावाने घ्यावे. बसवून द्यायला माणूस बोलवावा, त्याला त्याच्या कष्टाचे पैसेही द्यावेत, पण परवाना त्याच्या पेन ड्राइव्हवरून घेऊ नये.

आषाढीला आमचे अकरा अभंग तयार झाले नाहीत. मंडळातल्या बायका काही बोलल्या नाहीत आणि पंढरपूरला जाताना गाडीत त्यांनी तेच अभंग म्हटले. ध्वनिमुद्रण आम्ही कार्तिकीआधी पूर्ण केले.

परवा होटगी रस्त्याकडच्या एका मंडळाच्या बाईंचा फोन आला होता. त्यांनीही नवीन लॅपटॉप घेतला आहे आणि त्याच माणसाचा नंबर त्यांना हवा होता. त्यांचा जुना संगणक अजून चालू आहे. मी त्यांना तो भंगारात देऊ नका आणि मी येईपर्यंत कोणाला एक रुपयाही देऊ नका असे सांगितले आहे. रविवारी सकाळी मोठी हार्ड डिस्क घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे.