फुटिंगच्या सळईतून अर्थिंग करून घेतलं, कामाला ४ स्टार

सासवडच्या बाजूला गेल्या वर्षी घर बांधलं, त्यात अर्थिंग फुटिंगच्या, म्हणजे पायाच्या काँक्रीटमधल्या, सळईतूनच काढून घेतलं, ज्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरने केलं त्याच्या कामाचा हा रिव्ह्यू. नाव टाकत नाही कारण थोडी तक्रार पण आहे आणि माणूस तसा चांगलाय.

आमच्याकडे दीड फूट माती, खाली मुरूम आणि पाच फुटावर काळा पाषाण. जुन्या घराचा अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा पावसाळ्यात झकास चालायचा आणि एप्रिल उजाडला की खलास. आई ओरडायची वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतायत, मग आबा बादली घेऊन खड्ड्यात पाणी ओतून यायचे, हा आमचा दर उन्हाळ्याचा कार्यक्रम. नवीन घराला केमिकल अर्थिंगवाल्याला विचारलं तर दोन पाइप, आणि पाषाणात बोअर मारायचे पैसे वेगळे.

हा कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, दादा अजून फुटिंग भरलं नाहीये ना, मग एवढा खर्च कशाला, जमिनीतलं काँक्रीट ओल धरून ठेवतं, त्यातली सळईच इलेक्ट्रोड होते. मला आधी पटलं नाही, मग वाचलं. दुसऱ्या महायुद्धात ॲरिझोनाच्या कोरड्या वाळवंटात दारूगोळ्याच्या कोठारांना विजेपासून वाचवायचं होतं, तेव्हा हर्बर्ट उफर नावाच्या इंजिनीअरने हे केलं, म्हणून तिकडे याला उफर ग्राउंडच म्हणतात. बऱ्याच वर्षांनी परत मोजलं तरी रीडिंग ५ ओहमच्या आत (हा करंटला जमिनीत जायला होणारा विरोध, जितका कमी तितकं चांगलं). अमेरिकेच्या कोडात किमान २० फूट लांब, अर्धा इंच जाड सळई आणि भोवती २ इंच काँक्रीट सांगितलंय, आणि जर्मनीत तर नव्या घराला फाउंडेशन अर्थिंग करावंच लागतं. वाळवंटात चालतं तर आमच्या मुरमात का नाही!

काम मात्र बघण्यासारखं केलं. आमच्या स्ट्रक्चरल इंजिनीअरने बजावलं होतं की मेन स्टीलला वेल्डिंग लावायचं नाही, तर याने अर्थिंगसाठी वेगळी १२ एमएमची सळई टाकली, सगळ्या फुटिंगमधून प्लिंथ बीममध्ये (जोत्याच्या बीममध्ये) फिरवून रिंग पूर्ण केली, जोड वेल्डिंगने आणि मेन सळयांना जागोजागी क्लॅम्प. फिटर लोकं हसत होती, साहेब सळईत करंट सोडणार का म्हणे. प्रत्येक जोडाचे फोटो काढले, मग काँक्रीट. दोन ठिकाणी जीआय (झिंकचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टी प्लिंथच्या वर काढली. मटेरियल-मजुरी धरून साडेआठ हजार गेले.

आता तक्रार. टेस्टिंगला आला तेव्हा मीटरच्या दोन्ही खुंट्या घरापासून पाच-सहा मीटरवर ठोकल्या आणि मीटर दाखवला, ०.९ ओहम, बघा म्हणे. अरे घरच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १५ मीटर आहे, इतक्या जवळ खुंट्या मारल्या तर रीडिंग कमी दिसणारच! मी हट्ट धरला, मग शेजारच्यांच्या अंजिराच्या बागेतून वायर ओढली, लांबची खुंटी ६० मीटरवर आणि मधली ३७ वर, आकडा आला २.६. म्हणजे चांगलंच आहे की, मग खोटा ०.९ कशाला दाखवायचा. दुसरं म्हणजे पट्टी काँक्रीटमधून जिथे बाहेर येते तिथेच गंज पहिल्यांदा धरतो, तिथे टेप गुंडाळायचा राहिला होता. तीन फोन केल्यावर आला आणि करून गेला. एक स्टार त्यासाठी कापला.

हां, एक गोष्ट त्याने न विचारता सांगितली ती आवडली. मी म्हणालो अजून एक जीआय पाइप बाहेर पुरून याला जोडू, डबल सेफ्टी. तर म्हणे नको, काँक्रीटमधली सळई आणि मातीतलं झिंक जोडलं की मातीतला पाइप खाऊन टाकतो, जोडायचंच असेल तर कॉपरचा रॉड घ्या. नाही घेतला. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) मात्र ३० मिलिअँपियरचा लावलाच, अर्थिंग कितीही चांगलं असलं तरी तो लागतोच.

मेमध्ये परत मोजलं, याच पद्धतीने, ३.१ आलं. आबांची बादली यंदा बाहेर आली नाही.

कुणाला करायचं असेल तर फुटिंगखाली प्लॅस्टिक अंथरू नका आणि सळई इपॉक्सी कोटेड (गंज लागू नये म्हणून वरून थर दिलेली) घेऊ नका (कोकणात समुद्राकाठी लोक घेतात), काँक्रीट-सळईचा जमिनीशी संबंधच तुटतो. आणि प्लिंथ भरून झाला असेल तर याला बोलावू नका, तो स्वतःच सांगतो की आता खड्डाच घ्या.