एकाच नावाचे दोन लेखक आणि जुन्या ग्रंथांची पुनर्मुद्रणं: वापरानंतरचा अनुभव

स्वामित्वहक्क संपलेले जुने ग्रंथ स्कॅनवरून छापून घरपोच देणारे प्रकाशक आता बरेच झालेत. इतिहास आणि ज्योतिष-गणित या विषयांतली अशी पुस्तकं नाशिकचा कोरडा उन्हाळा आणि दमट पावसाळा, दोन्हींतून काढल्यावर मत असं झालंय: कागद-छपाई पैशांच्या मानाने चालून जाते, पण लेखक नक्की कोण हे तपासल्याशिवाय ऑर्डर टाकू नये. विक्रीच्या पानावरचं नाव स्कॅनच्या नोंदीतून उचललेलं असतं. त्या नावाचा जो माणूस जास्त प्रसिद्ध, त्याचा परिचय मागच्या कव्हरवर येऊन बसतो.

घरचंच उदाहरण घ्या. इंग्रजीत व्ही. के. राजवाडे म्हणजे दोन सख्खे भाऊ. विश्वनाथ काशिनाथ हे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’वाले इतिहासाचार्य. वैजनाथ काशिनाथ हे थोरले, संस्कृतचे प्राध्यापक, निरुक्ताचे (वैदिक शब्दांची फोड सांगणाऱ्या यास्काच्या ग्रंथाचे) अभ्यासक. मराठीत वि. का. आणि वै. का. एवढा तरी फरक राहतो, इंग्रजी नोंदीत तोही जातो. विषयावरून ओळखू म्हणावं तर ‘संस्कृत भाषेचा उलगडा’ हा ग्रंथ इतिहासाचार्यांचाच आहे.

इंग्रज लेखकांत घोळ आणखी. १८१६ साली मुंबईत छापलेला लीलावतीचा, म्हणजे भास्कराचार्यांच्या गणितग्रंथाचा, इंग्रजी अनुवाद जॉन टेलरचा. हा कंपनी सरकारच्या मुंबईतल्या वैद्यकीय खात्यातला डॉक्टर. इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडवर १८५९ साली पुस्तक लिहिणारा जॉन टेलर निराळा, तो लंडनचा प्रकाशक. विक्रीच्या यादीत दोघं एकाच लेखकाखाली दिसतात. सर विल्यम हर्शेलही दोन: एक युरेनस शोधणारा, दुसरा त्याचा नातू, बंगालमधला मुलकी अधिकारी, ज्याचं बोटांच्या ठशांवरचं पुस्तक १९१६ साली आलं. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफचा मुलगा मद्रासचा गव्हर्नर होता आणि त्याचं पाळण्यातलं नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. त्यामुळे एल्फिन्स्टनचा हिंदुस्थानचा इतिहास शोधताना या मुलाच्या रोजनिशीचे खंड हमखास वर येतात. निदान हे चटकन लक्षात येतं.

खरी फसगत आर्यभटाच्या बाबतीत होते. आर्यभटही दोन, दोघेही ज्योतिषी, दोघेही संस्कृतात, आणि पहिली चार पानं चाळून काही कळत नाही. पहिल्याचं आर्यभटीय इ. स. ४९९च्या सुमाराचं, दुसऱ्याचा महासिद्धान्त साधारण दहाव्या शतकातला. पुनर्मुद्रणं बहुधा कर्न यांनी १८७४ साली लायडनला छापलेल्या आर्यभटीयाची आणि सुधाकर द्विवेदींनी १९१० साली काशीला काढलेल्या महासिद्धान्ताची असतात. कव्हरवर दोन्हीकडे नुसतं ‘आर्यभट’. आतून ओळखायची खूण म्हणजे आकडे लिहिण्याची रीत. पहिल्याच्या पद्धतीत स्वरावरून स्थान ठरतं: ‘ख्युघृ’ म्हणजे ४३,२०,०००, यातला ‘खु’ २०,०००, ‘यु’ ३,००,००० आणि ‘घृ’ ४०,००,०००. दुसरा कटपयादीच्या (क, ट, प, य यांपासून १, २, ३ असे अंक धरण्याच्या) धर्तीची अक्षरं वापरतो, तिथे एका अक्षराला एक अंक, स्वराला किंमतच नाही. भगणांचा (ग्रहांच्या फेऱ्यांचा) एखादा श्लोक काढा आणि अक्षरं मोजा, मिनिटभरात उलगडा होतो. भास्कराचार्यांचं त्यामानाने सोपं आहे. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराची महाभास्करीय आणि लघुभास्करीय ही नावंच वेगळी आहेत, आणि लीलावती, सिद्धान्तशिरोमणी (११५०) म्हटलं की दुसरा. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेखही याच दुसऱ्याच्या घराण्याचा.

ऑर्डरआधी कव्हर बघत बसू नये. मूळ शीर्षकपानाचं चित्र मागावं किंवा इंटरनेट अर्काइव्हवर तोच स्कॅन काढावा आणि त्यावर गाव, छापखाना, साल आणि लेखकाचा हुद्दा वाचावा. हुद्दा सगळ्यांत उपयोगी, कारण त्या काळी लेखक नावाखाली पलटण, खातं, पदवी सगळं छापायचे. मोठ्या ग्रंथालयांच्या सूचीत नावापुढे जन्म-मृत्यूची सालं असतात, ती जुळवावीत. विक्रीच्या पानावर साल दिलं नसेल तर सरळ सोडून द्यावं. आपल्याच जिल्ह्याच्या गॅझेटियरचा दाखला पुरे: १८८३चा सोळावा खंड वेगळा आणि १९७५ची सुधारित आवृत्ती वेगळी. पांडवलेण्यांच्या शिलालेखांसाठी हवा असतो १८८३चा. १८४० साली स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या संग्रहात मूळ प्रत असेल तर पैसे टाकण्याआधी ती एकदा हाताळावी.

पानसंख्याही बोलते. मूळ पुस्तक पाचशे पानांचं आणि पुनर्मुद्रण पावणेतीनशेचं, तर ते स्कॅनचं चित्र नाही. यंत्राने वाचून पुन्हा जुळवलेला मजकूर आहे. तो घेऊ नका. त्यात तळटिपा मजकुराच्या मध्येच घुसतात, पानांची डोकी परिच्छेदात येतात आणि देवनागरी श्लोकांचा तर चिवडा होतो.

पुस्तक हातात आल्यावर पानांचे आकडे पाहाच, पण इंग्रजी पुस्तकात पानाच्या तळाशी असलेली फॉर्मची (एका कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या जुडीची) अक्षरंही पाहा. सोळा पानी फॉर्म असेल तर बी पान १ वर, सी १७ वर, डी ३३ वर. जे, व्ही आणि डब्ल्यू ही अक्षरं वापरत नसत, त्यामुळे ती नसली तर घाबरू नका. आकडे नसलेली चित्रपानं मात्र या तपासणीत सापडत नाहीत. ती चित्रसूचीवरूनच मोजावी लागतात. घडीचे नकाशे बहुतेक वेळा घडी न उघडताच स्कॅन झालेले असतात, म्हणजे नकाशाचा एक चतकोर आणि मागच्या घडीची सावली. नकाशा पूर्ण आला तरी ‘एक इंच = इतके मैल’ हे वाक्य आता खोटं असतं, कारण पान लहान केलेलं असतं. पट्टीच्या रूपातलं प्रमाण असेल तर तेच वापरावं, ते नकाशाबरोबरच आकसतं.

कोष्टकांत दशांशचिन्हं जातात. निव्वळ काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये बारीक ठिपका धूळ समजून पुसला जातो; देवनागरीत अनुस्वाराची तीच गत, आणि १ व ९ची गल्लत होते. सरकत्या वाढीच्या रकान्यात लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी करून बघा. फरक एकदम उडी मारतो तिथे अंक बिघडलाय, तो रंगीत स्कॅनवरून दुरुस्त करून पेन्सिलीने लिहून ठेवावा. शिळाछाप चित्रांचा तर काळा डाग होतो, त्याला इलाज नाही.

बांधणी सगळीकडे गरम गोंदाची, फॉर्म शिवलेले नसतात. एप्रिलात पुस्तक सपाट उघडून दाबलं की पाठ तडकते आणि पानं सुटी होतात. सहाशे पानांपुढच्या जाड खंडांत हे लवकर होतं. जुलैत उलटा त्रास: कव्हरची बाहेरची बाजू लॅमिनेशनमुळे ओल घेत नाही, आतली घेते, म्हणून कव्हर बाहेरच्या बाजूला वळतं. पुस्तकं उभी आणि किंचित दाटीने ठेवली की हे बरंच कमी होतं.

बाइंडरकडे द्यायचं असेल तर आधी आतला समास मोजा. सुटी पानं घडीतून शिवता येत नाहीत, बाजूने भोकं पाडूनच शिवावी लागतात आणि त्यात ८ ते १० मिलिमीटर जातात. समास २० मिलिमीटरच्या वर असेल तर बेलाशक शिवून घ्या. १२च असेल तर ओळींची टोकं शिलाईत जातील. अशा वेळी पाठ खरवडून नवा पांढरा गोंद आणि वर मलमलची पट्टी एवढंच करायला सांगा, आणि कापणी करू नका म्हणून बजावा. नाहीतर बाहेरच्या समासातल्या टिपा, ज्यांत जुन्या लेखकांनी सालं दिलेली असतात, कटिंग मशीनखाली जातात.